मी, अंगठा अडवणारी चौकट

लुपेला वाटलं होतं, माणसं वाचतील.

दूर दक्षिणेकडच्या डुनेडिन शहरातल्या थंडीत, हीटरला पाय लावून बसलेल्या अकरा वर्गमित्रांवर तिने मला तपासून पाहिलं होतं. अकराच्या अकरा जणांनी माझ्यातलं अक्षर अन् अक्षर वाचलं, भुवया आक्रसून विचार केला आणि योग्य ते बटण दाबलं. एकाने तर माझ्यातला स्वल्पविराम चुकल्याचंही दाखवून दिलं. लुपेने वहीत लिहिलं, 'माणसाला नीट विचारलं तर माणूस नीट उत्तर देतो', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग ती दोन विमानं, एक बोट आणि एक लाकडी बाकांची बस बदलून सामोआतल्या सव्हाई बेटावर, फागालेले या आपल्या गावी परत आली. तिथे तिला सापडला वाओसामावशीचा अंगठा.

हा अंगठा चाळीस वर्षं केवड्याच्या पानांच्या चटया विणून लाकडासारखा झालेला आहे. पडद्याच्या कडेवरून तो आत सरकतो, आणि मी नाहीशी होते. वाचणं नाही, भुवया नाहीत. जेवताना ताटावरची माशी हाकलावी, तसं.

तर ती माशी बोलतेय. फोनच्या पडद्यावर मधोमध उगवणारी पांढरी चौकट म्हणजे मी. दोन ओळींचा मजकूर आणि खाली दोन बटणं, एवढाच माझा संसार. तुमची माझी रोज भेट होते. तुम्हाला माझा चेहरा आठवत नसेल, कारण तुम्ही तो कधी पाहिलेलाच नाही. राग नाही. आमच्या जातीत कोणालाच तशी अपेक्षा नसते.

माझा जन्म रागातून झाला. लुपे त्याला 'उद्देश' म्हणते.

आठ वर्षांपूर्वी तिचे वडील, उएसिले, एका मंगळवारी दुपारी प्रवाळाच्या रांगेबाहेर कुपा मासे धरायला गेले. संध्याकाळी आले नाहीत. ते साऱ्या गावाच्या लक्षात आलं होतं. पण लुपेच्या आईसमोर 'तुझा नवरा अजून आला नाही' हे शब्द उच्चारायचे कोणी? बायका तिच्याजवळ येऊन बसल्या. स्तोत्रं म्हणाल्या. नीरफणस भाजून आणला. पाऊसपाण्याचं बोलल्या. शोध दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सुरू झाला. होडी सापडली. उएसिले सापडले नाहीत.

गावाची ही सभ्यता चौदा वर्षांच्या लुपेने मनात जपून ठेवली, आणि शिष्यवृत्ती मिळाल्यावर ती सोबत घेऊन दक्षिणेला गेली. तिथे ती संगणक शिकली, मोजे घालायला शिकली, आणि तिने मला बनवलं.

ती परतली तेव्हा चर्चच्या अंगणात तिचं स्वागत झालं. भाजलेलं डुक्कर, अळकुड्या, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, आणि तीन तास भाषणं. शेवटचं भाषण लुपेचं. "आता या गावातून संकोचापायी एकही माणूस समुद्रात जाणार नाही," असं ती म्हणाली. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. फागालेलेत सगळ्याच भाषणांना मनापासून टाळ्या मिळतात. नळ येणार असं सांगायला गेली सहा वर्षं येणाऱ्या साहेबालाही मिळतात.

माझं काम समजायला सोपं आहे. ॲपचं नाव 'पोहोचले'. होडी प्रवाळाबाहेर निघाली की तिच्या मालकाचं नाव आणि परतायची वेळ त्यात लिहायची. वेळ उलटून अर्धा तास झाला की मी उगवते आणि विचारते, 'अमक्यांची होडी परत आली का?' खाली दोन बटणं. 'आली'. 'नाही आली'. दुसरं दाबलं की गावातल्या प्रत्येक होडीवाल्याचा आणि बंदरावरच्या पोलिसांचा फोन एकदम कोकलायला लागतो.

आता हा प्रश्न विचारायचा कोणाला? लुपेने तर्कशुद्ध विचार केला. दिवसभर किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून कोण बसतं? गावच्या महिला कमिटीच्या बायका. त्यांचं बिनभिंतींचं घर वाळूला लागूनच आहे. तिथे त्या चटया विणतात, आणि विणता विणता साऱ्या बेटाची उलटतपासणी घेतात. वाओसामावशी कमिटीची अध्यक्ष. म्हणून ॲपचा फोन वाओसामावशीच्या ताब्यात गेला, म्हणजे बायकांच्या मधोमध, चटईवर उताणा.

भोवती दहा-बारा बायका, त्यांतल्या निम्म्यांचे नवरे समुद्रावर. लुपेला ही फार सोयीची गोष्ट वाटली. डुनेडिनला चटया विणत नाहीत, त्यामुळे हे तिथल्या अभ्यासक्रमात नव्हतं.

पहिले तीन आठवडे मी उगवत होते आणि अंगठा मला हाकलत होता. प्रश्न तसाच अधांतरी राहायचा. होड्या आपापल्या सवडीने यायच्या. कोणाचं काही बिघडत नव्हतं, माझ्या स्वाभिमानाखेरीज. शेवटी लुपेने नोंदी तपासल्या आणि ती तणतणत कमिटीच्या घरात आली. म्हणजे फागालेलेत तणतणायची जेवढी मुभा आहे तेवढी. घराच्या कडेशी वाकून, पदर सावरल्यासारखा कमरेला गुंडाळलेला लाव्हालाव्हा सावरून, मांडी घालून बसल्यावर मग ती तणतणली.

"मावशी, तो प्रश्न वर आला की वाचायचा असतो."

"वाचते की."

"मग उत्तर का देत नाही?"

"उत्तर कशाला हवंय, पोरी? होडी आली की दिसते. चांगली मोठी असते ती."

बायका हसल्या. सगळ्यात जोरात हसली ती फिलोमामी, लुपेच्या मामाची बायको.

"आणि नाही आली तर?" लुपेने विचारलं.

वाओसामावशीने विणायचं पान दातांत धरलं. पान दातांत असताना बोलत नाहीत. लुपे थांबली. पान काही सुटेना. बाकीच्या बायकांनाही एकाएकी पानं दातांत धरायची गरज भासली.

त्याच संध्याकाळी लुपेने मला कुलूप लावलं.

कुलूप म्हणजे काय ते सांगते. मी पडद्यावर असेपर्यंत मागे जायचा रस्ता बंद. कडेवरून अंगठा कितीही सरकवा, मी हलत नाही. फक्त जराशी थरथरते, दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने नकारार्थी मान हलवावी तशी. माझ्याबाहेर कुठे टिचकी मारली तरी उपयोग नाही. दोन बटणांपैकी एक दाबायचं, तरच सुटका. वापरणाऱ्याला कधीही कोंडू नये, असं लुपेला डुनेडिनच्या मास्तरांनी शिकवलं होतं. तिने ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पण मास्तरांचे वडील समुद्रात गेले नव्हते.

मला विचाराल तर मी हरखून गेले. कालपर्यंत माशी होते. आज भिंत झाले.

आणि उत्तरं यायला लागली. काय उत्तरं आली म्हणून सांगू. सोमवारी 'आली'. मंगळवारी 'आली', 'आली'. बुधवारी चार होड्या उशिरा होत्या, चारही 'आली'. शंभर टक्के प्रतिसाद. लुपेने तसं डुनेडिनला कळवलं. मास्तरांकडून उत्तरादाखल नुसतं एका अंगठ्याचं चित्र आलं. कोंडण्याबद्दल त्यांनीही काही विचारलं नाही. शंभर टक्क्यांपुढे कोणाला प्रश्न पडत नाहीत.

बुधवारची एक होडी माझ्या नोंदीप्रमाणे चार वाजून दहा मिनिटांनी आली होती. ती खरोखर वाळूला लागली तेव्हा पावणेसहा झाले होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण चौकटीला शंका येत नाही. चौकटीला उत्तर येतं, आणि ती समाधानाने मिटते. मी एकटीच अशी आहे असा माझा दावा नाही. मी साहेबही असे पाहिलेत.

मग गुरुवार उजाडला.

लुपेचा मामा, अपिसालोमा, हा त्यांच्या कुटुंबाचा प्रमुख, गावच्या सभेत खांबाला टेकून बसायचा मान असलेला माणूस. देह दांडगा, हसू त्याहून दांडगं. माझ्याविषयी त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. तो मला 'पेटी' म्हणायचा. त्या दिवशी त्याचा जावई शेजारच्या गावी लग्नाच्या बोलणीला गेला होता, म्हणून मामा एकटाच निघाला. निघताना लुपे आपला फोन घेऊन पाण्यात गुडघाभर उभी होती.

"मामा, परतायची वेळ सांग."

"तीन लिही. नाही, साडेतीन. नाही, तीनच लिही. तुझी मामी तीनला मान वर करून बघते."

"तीन म्हणजे तीन हं."

"तुझ्या पेटीला सांग, मी तिच्यासाठी एक शेपटी आणतो."

साडेतीन वाजता मी उगवले. 'अपिसालोमा यांची होडी परत आली का?'

वाओसामावशीचा अंगठा आला. मी थरथरले. पुन्हा आला. पुन्हा थरथरले. तिसऱ्यांदा तिने लाव्हालाव्ह्याला अंगठा पुसून घेतला, जणू दोष घामाचा असावा. एकेक करत भोवतालचे हात थांबले. फिलोमामी बरोबर समोर बसली होती. तिचे हात मात्र चालूच होते.

"काय म्हणतेय पेटी?" तिने मान न उचलता विचारलं.

"काही नाही. नेहमीचंच."

"कोणाचं?"

वाओसामावशीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "तुझ्याच माणसाचं."

"हं," फिलोमामी म्हणाली, आणि एक पान दुसऱ्याखालून काढलं. "येईल. पलीकडच्या धक्क्यावर माशांचे वाटे करत बसला असेल. त्याला वाटे करताना कोणी बघायला लागतं."

"बसला असेल," दुसरी म्हणाली.

"बसलाच असेल," तिसरी.

वाओसामावशीने फिलोमामीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्यावर दोन वाटा होत्या. एक वाट म्हणजे दहा बायकांदेखत, फिलोच्या तोंडावर, तिचा नवरा आला नाही असं जाहीर करायचं आणि साऱ्या गावाचे फोन वाजवायचे. दुसरी वाट 'आली'. तिसरी, म्हणजे काहीच न म्हणता हळूच मागे सरायचं, वाळूवर एक चक्कर टाकायची, कुठल्या तरी होडीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारायचं, ही या गावात आजी-पणजीपासून चालत आलेली वाट. ती लुपेने आणि मी मिळून बंद केली होती.

अंगठा 'आली'वर टेकला. पडदा हिरवा झाला. मी समाधानाने मिटले.

पाच वाजता लुपे टॉवेल खांद्यावर टाकून झऱ्यावर अंघोळीला निघाली. वाटेत फिलोमामी घरापुढे उभी होती, डोळ्यांवर हात धरून.

"लुपे, तुझा मामा दिसला का गं कुठे?"

"मामा आलाय की. साडेतीनलाच." लुपेने आपला फोन काढून त्यावरही उमटलेला हिरवा पडदा दाखवला.

"असं?" मामीने पडद्याकडे नीट पाहिलं. "तुला पेटीच्या आतून कळतं का ते?"

"सगळं कळतं. कमिटीतून नोंद झालीय ना."

"मग असेल," मामी म्हणाली. ती स्वतः त्या वेळी कमिटीत समोर बसलेली होती. पण पेटीला काही अधिक माहीत असेल, असं तिला वाटलं. आणि मामी समोर बसलेली असताना नोंद झालीय, म्हणजे ती खरीच, असं लुपेला वाटत होतं. दोघी एकमेकींच्या भरवशावर निश्चिंत झाल्या. हे मी घडवून आणलं. एवढं काम तर डुनेडिनच्या अकरा जणांनीही माझ्याकडून करून घेतलं नव्हतं.

सूर्य टेकायला आला तसा शंख वाजला.

शंख वाजला की आमच्याकडे 'सा' सुरू होते. जो जिथे असेल तिथे बसतो. घराघरांत प्रार्थना. रस्त्यावर माणूस चालत नाही, गाडी चालत नाही. एकसारखे लाव्हालाव्हा नेसलेले दांडगे गडी रस्त्याच्या कडेने ओळीत उभे राहतात आणि नुसते बघतात. पुन्हा शंख वाजेपर्यंत गाव जागच्या जागी. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात लुपे आईला म्हणाली होती, "माणसांना असं अडवून ठेवतात का कधी? कोणाला मधेच जायचं असलं तर?" मला कुलूप लावण्याच्या तीनच आठवडे आधीची ही गोष्ट. कुलूप लावताना तिला ती आठवली नसावी. मी कोण सांगणारी.

त्या संध्याकाळी लुपे झऱ्यावरून परतताना मामाच्या घरासमोर सापडली. ओल्या केसांनी ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तिच्याजवळ गड्यांच्या ओळीच्या टोकाला मालाकी उभा होता, हातात शंख घेऊन. मालाकीबद्दल गावाचं मत असं, की त्याला श्वास शंखापुरताच दिलाय, बोलायला उरत नाही.

घरांना भिंती नाहीत, त्यामुळे प्रत्येक घर दिव्यात ठेवल्यासारखं दिसत होतं. कुटुंबाचा प्रमुख पुढच्या मधल्या खांबाला टेकून बसतो. मामाच्या घरात पोरं होती, सुना होत्या. फिलोमामी स्तोत्र म्हणत होती, डोळे समुद्राकडे. पुढचा खांब रिकामा होता.

"लुपे," मालाकी ओठ न हलवता म्हणाला. "मामा कुठाय तुझा?"

"आलाय, मालाकीकाका. हे बघा." तिने मांडीवरचा फोन वर केला.

मालाकीने हिरवा पडदा पाहिला. मग खांब पाहिला.

"इथे आलाय," तो म्हणाला. "तिथे नाही आलाय."

"असेल कुठेतरी."

"सा चालू असताना कुठेतरी कोण असतो? तू दगडावर बसलीस, तर दगडावर दिसतेस. तो कशावर दिसतोय?"

"वाओसामावशीने स्वतः दाबलंय."

"फिलो तिथे होती?"

लुपेने फोन पुन्हा मांडीवर ठेवला. त्या आठवड्यात मी वाओसामावशीचा चेहरा बराच वेळ जवळून पाहिला होता. आता तोच चेहरा मला लुपेच्या खांद्यांवर दिसला.

"तुझ्या बापाच्या वेळी," मालाकी म्हणाला, आणि थांबून त्याने श्वास घेतला, "तुमच्या घरासमोर मीच होतो. खांब रिकामा होता. मी सा संपायची वाट पाहिली. मग तुझ्या आईला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून घरी गेलो. त्यानंतर रोज मोजतो."

"काय मोजता?"

"खांब."

आठ वर्षं. लुपे हीटरला पाय लावून मला घडवत होती, त्या सगळ्या संध्याकाळी हा माणूस इथे उभा राहून खांब मोजत होता. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मालाकीने शंख तोंडाला लावला आणि प्रार्थनेच्या ऐन मधे फुंकला.

सा मोडायला या गावात दंड आहे, आणि ती मोडली पहाऱ्यावरच्याच माणसाने. सगळ्या घरांतली स्तोत्रं एकाच ओळीवर तुटली. कोणी काही विचारलं नाही. फिलोमामीला कोणी काही सांगितलं नाही, तिला काही कबूल करावं लागलं नाही. ती फक्त उठून उभी राहिली. ओळीतले गडी वाळूकडे धावत सुटले. हिरवा पडदा मांडीवर घेऊन लुपे दगडावरच बसून होती. तिने मला उघडायचा प्रयत्न केला, 'नाही आली' दाबायला. पण माझं उत्तर आधीच मिळालेलं होतं. मिळालेल्या उत्तराबद्दल मी पुन्हा विचारत नाही. तशीच मला शिकवण आहे.

चार होड्या बाहेर पडल्या. पुढचं मी गड्यांच्या तोंडून ऐकलं. पश्चिमेच्या टोकाजवळ, दिसेनासं व्हायला आलं असताना त्यांना मामा सापडला. इंजिनाच्या तेलात पाणी गेलेलं. प्रवाह त्याला टोकापलीकडे ओढत होता, आणि टोकापलीकडे मग काहीच नाही. आणखी तासभर उशीर झाला असता तर होडी सापडली असती. नुसती होडी. मामा मासे ठेवायच्या खोक्यावर बसला होता. तोंडाने गाणं, पण आवाज बसलेला.

"दुपारपासून बसलोय," तो म्हणाला. "पेटी बोलली नाही वाटतं?"

"बोलली ना," मालाकी म्हणाला. "म्हणाली, तू आलास."

"मग हा कोण बसलाय?"

यावर होडीतले सगळे हसले म्हणे. मामाही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सभा बसणार होती. गावाला दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. सा मोडल्याबद्दल मालाकीचं काय करायचं, आणि होडी आली असं खोटं कोणी दाबलं. पहिल्या गोष्टीत कोणाला रस नव्हता. दुसरीसाठी लुपेला नोंद घेऊन यायला सांगितलं होतं. नोंद अगदी स्वच्छ होती. गुरुवार, तीन वाजून चौतीस मिनिटं, वाओसा, 'आली'. नोंदींच्या बाबतीत मी चोख आहे.

लुपे मागच्या चुलीच्या छपरात लॅपटॉप घेऊन बसली होती. आईने पुढ्यात कोकोचा पेला ठेवला.

"काय लिहिलंय त्यात?"

"वाओसामावशीने दाबलं, ते."

"खरं आहे?"

"खरं आहे."

"मग असं तोंड का?"

आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"तुझा बाप आला नाही त्या रात्री वाओसा माझ्याजवळ बसली होती," ती म्हणाली. "तिच्या मनात होतं पुरुषांना उठवायचं. दोनदा उठली ती. मीच तिचा हात धरला. म्हटलं, तू बोललीस तर ते खरं होईल. बस इथेच." तिने आणखी एक लाकूड आत सारलं. "हे तुला कधी सांगायला हवं होतं, मला कळलंच नाही."

लुपे आठ वर्षं गावावर रागावली होती. तो राग आता कुठे ठेवायचा हे तिला समजेना. तिने कोको प्यायला. तोंड पोळलं तरी पीत राहिली. मग तिने लॅपटॉप ओढला आणि माझं कुलूप काढलं.

एवढीशी तर ओळ होती. तिने ती बदलली आणि खाली एक नवी लिहिली. आता मी पडद्यावर असताना अंगठा सरकवला की मी मुकाट्याने बाजूला होते, पूर्वीसारखीच. फरक एवढाच, की तसं कोणी मला हाकललं तर मालाकीच्या फोनवर दोन शब्द उमटतात. 'खांब बघा.' ते मी म्हणत नाही, वाओसामावशी म्हणत नाही, फिलोमामीच्या तोंडावर कोणीच काही म्हणत नाही. मालाकी उठतो, वाळूवर एक चक्कर टाकतो, कोणाला तरी सहज विचारल्यासारखं विचारतो. शंख त्याच्याजवळ असतोच.

म्हणजे मी पुन्हा माशी झाले. भिंत होण्यात मोठा मान होता, नाही म्हणत नाही. सहा दिवस टिकला. पण तुम्हाला एक विनंती आहे. मला हाकला, खुशाल हाकला, त्यासाठीच आता मी आहे. फक्त सुटका व्हावी म्हणून 'हो' दाबू नका. मी ते खरं मानते. माझ्याजवळ दुसरं काही नाही मानायला.

आठ वाजता सभा बसली. सगळे मानकरी आपापल्या खांबाला टेकून. मामाचं नाक उन्हाने सोललेलं, पण त्याचा खांब भरलेला. वाओसामावशी कडेला मान खाली घालून बसली होती. अंगठा तिने मुठीत लपवला होता. तिच्या पलीकडे लुपे, मांडीवर फोन, फोनवर ती स्वच्छ नोंद उघडलेली.

सभेच्या वक्त्याने घसा साफ केला. भल्यामोठ्या प्रस्तावनेनंतर तो प्रश्नावर आला.

"होडी आली, असं कोणी दाबलं?"

प्रश्न सरळ होता. उत्तर तिच्या मांडीवर होतं, वेळेसकट. लुपेने फोन उचलला आणि चटईवर पालथा ठेवला.

"मी," ती म्हणाली.

पालथी पडल्यामुळे मला पुढचं काही दिसलं नाही. केवड्याच्या विणीला तोंड लावून मी अंधारात होते. दंड ठरला तेवढा ऐकू आला. लुपेच्या कुटुंबाने साऱ्या गावाला जेवण घालायचं. मग तिच्या कुटुंबाच्या प्रमुखाचा तो बसलेला आवाज.

"म्हणजे बुडायचं मीच," अपिसालोमा म्हणाला, "आणि डुक्करही माझंच."